आबांचं गप बसणं

राजगडाखालच्या पालीला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचो ते आबा बोलके होते की अबोल, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. पाऊस कधी उघडेल, त्यांच्या पणज्याने राजगडावर खांद्यावरून काय काय चढवलं, पलीकडच्या खोऱ्यातल्या गवताला चव का नाही, यावर ते ताट थंड होईपर्यंत बोलत, आणि त्यातलं निम्मं खोटं असे. पण ज्या दिवशी त्यांच्याजवळ सांगण्यासारखं खरोखर काही असे, त्या दिवशी ते ओसरीच्या खांबाला टेकून बसत, मिशीचं एक टोक ओठांत धरत आणि एक अक्षर बोलत नसत. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून म्हणत, "आज ह्यांनी मिशी खाल्ली. कायतरी हाय."

मी वेल्ह्याच्या जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. खोली बघायला गेलो तेव्हा आबा असेच मिशी धरून बसले होते. मी खोलीचं कौतुक केलं, ते गप्प. खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्याचं केलं, तरी गप्प. शेवटी घाबरून मी मनात ठरवलेल्या भाड्यापेक्षा जास्तच बोलून गेलो. तेव्हा कुठे आबांनी मिशी सोडली. "मग त्यात दोन्ही येळचं जेवान आलं, म्हशीचं दूध आलं, आन्‌ कापडं वाळत घालायला आमची दोरी आली," असं म्हणून त्यांनी माझी बॅग स्वतः उचलून आत नेली. मला वाटलं, माणूस व्यवहारात कच्चा आहे. पुढे कळलं की व्यवहार त्यांच्या डोक्यातच नसे. समोरच्याला आधी बोलू द्यायचं आणि मग त्याच्यापुढे असं काही टाकायचं की तो बघत राहिला पाहिजे, एवढ्या एका सुखासाठी ते जगत होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "डाक्टर, पत्ते येत्यात का?" मी म्हटलं, रमी येते, तीन पत्ती येते. आबा दयेने हसले. "ते पोराबाळांचं. पोकर येतो का?"

पोकर पालीत कसा पोचला याची हकिगत ते फार रंगवून सांगत. पुण्याची काही ट्रेकर मुलं पावसात अडकून त्यांच्या ओसरीत राहिली. मुलांनी वेळ जावा म्हणून खेळ शिकवला आणि जाताना पत्त्यांचा कॅट भेट दिला. त्यानंतर आबा मोबाईलवर परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ बघायला लागले. काळे चष्मे लावून तासन्‌तास दगडासारखी बसणारी ती माणसं त्यांना आपल्या भावकीतली वाटत. मी विचारलं, "आबा, त्यांची भाषा कळते का?" तर म्हणाले, "भाषा कशाला? त्ये बोलत्यात कुठं?"

आमचा डाव बसे तो रविवारी दुपारी. आबा, मी आणि गावच्या शाळेतले गुरुजी. पैशाने खेळायची काकूंची सक्त मनाई होती, म्हणून चिंचोके. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी पानं, आणि ही उघडी पानं टप्प्याटप्प्याने मांडली जात असताना दर टप्प्याला एकच प्रश्न: चिंचोके लावायचे, की गप्प बसायचं? इंग्रजी नावं आबांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढली होती. लावणं म्हणजे 'बोलणं'. न लावणं म्हणजे 'गप'. समोरच्याच्या वर लावणं म्हणजे 'चढवणं'. आणि साऱ्या खेळात त्यांच्या जिवाभावाची चाल एकच. हातात भारी पानं असली की आधी गप बसायचं, समोरचा उत्साहाने बोलला की त्याच्यावर चढवायचं.

गुरुजींचं मत नेमकं उलट होतं. "चांगलं पान आलं की सरळ लावावं. घेणारा घेतो," असं ते म्हणत आणि त्याप्रमाणे खेळत. दर रविवारी संध्याकाळी गुरुजींच्या टोपीत आबांपेक्षा जास्त चिंचोके असत. आबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "तुमचा ख्योळ म्हंजी हजेरी घेतल्यागत," ते गुरुजींना म्हणत. "त्यात मज्जा कुठाय?"

ही चाल पत्त्यांपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. ट्रेकर जेवायला आले की आबा त्यांना आधी पिठलं-भाकरी वाढायला लावत. बिचारी मुलं गडावरून भुकेने कळवळून आलेली. ती पिठल्यावर तुटून पडत, वा वा करत, तिसरी भाकरी मागत. तोवर आबा मिशी धरून बसलेले. मुलांनी हात धुवायला पाण्याचा तांब्या उचलला की आबा आत हाक मारत, "आणा आता कोंबडीचा रस्सा." मुलांच्या तोंडावर जे काही उमटे ते बघून आबा कृतार्थ होत. रस्सा मात्र निम्मा परत जाई. काकू भांडी घासताना मला ऐकवत, "माझ्या हातचं कालवन ह्यांना आवडतं, ह्ये मला थोरला जावई आल्यावर कळलं. जावयाला सांगत व्हते. म्या चुलीपाशी व्हते म्हनून आयकलं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आबांचा मुलगा चांगला तिशी ओलांडून गेला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. पोरगा कष्टाळू. पिकअप चालवायचा, भात लावायचा, ट्रेकर लोकांचं जेवण-राहणं सांभाळायचा, आणि रस्सा तर काकूंच्या तोडीचा करायचा. पण हल्ली आमच्या खोऱ्यात किल्ल्याखालच्या गावी मुलगी द्यायची म्हटलं की लोक दुसरीकडे बघायला लागतात. स्थळं यायची, पोहे व्हायचे, आणि मग काहीच व्हायचं नाही. काकू रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून थोडा जास्त वेळ उभ्या राहायला लागल्या होत्या. आबा वरून काही दाखवत नसत, पण एकदा पोरगा जेवून उठल्यावर त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "माझ्या मागं ह्याच्यासंगं बोलायला कोन ऱ्हानार?" एवढं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

मग गुरुजींनी किकवीचं स्थळ आणलं. मुलगी हायवेवरच्या एका दवाखान्यात नर्स, वडिलांचं रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. मुलीची एकच गोष्ट पक्की होती: नोकरी सोडणार नाही. पालीहून तिने रोज हायवेला कसं जायचं, ही सगळ्या मामल्यातली अडचण.

आणि या अडचणीवरचा हुकमी तोडगा आबांच्या हातात होता. शिवऱ्याला हायवेलगत त्यांच्या मेव्हण्याचा एक गाळा रिकामा पडला होता, मागे दोन खोल्या. आबांनी मेव्हण्याला गाठून बोलणं पक्कं केलं. गाळ्यात मुलाने खानावळ काढायची, मागे दोघांनी राहायचं, सुनेचा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. सगळं ठरल्यावर त्यांनी हे मला, काकूंना आणि मुलाला सांगितलं, आणि तिघांनाही दम भरला. "तितं कुनी ह्यातलं चकार काढायचं न्हाई. त्येंना इचारू द्या, पोरीच्या नोकरीचं काय. इचारलं की मंग म्या गाळा काढतो. बगा कशी तोंडं व्हत्यात."

"आबा, आधीच सांगून टाकलं तर?" मी म्हटलं.

"तुमी जनावरांचे डाक्टर," आबा म्हणाले. "हे मानसांचं काम हाय."

किकवीला आम्ही मुलाच्या पिकअपमधून गेलो. वजन यावं म्हणून मला डॉक्टर म्हणून पुढे बसवलं होतं, कसला डॉक्टर ते मात्र सांगायचं नाही असं ठरलं होतं. मुलीच्या आजीने पाच मिनिटांत गुडघा पुढे केला. मी तो गंभीरपणे दाबून बघितला. तेवढ्यात पोहे घेऊन आलेल्या मुलीने विचारलं, "सर, कुठल्या दवाखान्यात असता?" मला खोटं बोलता येईना. "जनावरांच्या," मी म्हटलं. मुलगी हसू दाबत म्हणाली, "आजी, मग बरोबर ठिकाणी दाखवलंस." सगळी खोली हसली, आजीसुद्धा. मुलगी मला तिथल्या तिथे आवडून गेली, आणि दाराशी बसलेल्या आमच्या पोराकडे बघितलं तर त्याचीही तीच अवस्था.

पुढचा अर्धा तास मला अजून आठवायला नको वाटतो. आबा खांब नव्हता म्हणून भिंतीला टेकले आणि त्यांनी मिशी धरली. मुलीच्या वडिलांनी उसाबद्दल दोन वाक्यं बोलून बघितली. आबा "व्हय" म्हणाले. वडिलांनी पालीच्या रस्त्याची चौकशी केली. आबा "हाय तसा" म्हणाले. मग वडील पंख्याकडे बघायला लागले. आजीने पंखा वाढवला. मुला-मुलीला बोलायला म्हणून अंगणात पाठवलं, तर दोघं लगेच परत आली. परतताना मी पोराला विचारलं, काय झालं. तो रडवेला होऊन म्हणाला, "तिनं इचारलं, नोकरीचं कसं करायचं. म्या म्हनलं, आबांना इचारा."

निघताना मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "कळवतो." या शब्दाचा अर्थ काकूंना आता पाठ झाला होता. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. आबा मात्र नसरापूर येईपर्यंत म्हणत होते, "इचारतील. उद्या परवा फोन करून इचारतील."

फोन आला नाही. पुढच्या शनिवारी गुरुजी आले आणि चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. त्यांनी सांगितलं ते असं: किकवीकरांना मुलगा पसंत होता, मुलीला तर फारच. पण त्यांच्या मनात एक शंका बसली होती. एवढी माणसं आली, नोकरीचा विषय कुणी काढला नाही, पोराला विचारलं तर बापाकडे बोट, बापाला विचारावं तर तो मिशी खातो. नक्की काहीतरी लपवतायत. आता सोमवारी पुण्याकडचं एक स्थळ त्यांच्याकडे यायचं होतं.

काकू पदराने तोंड झाकून आत गेल्या. पोरगा पिकअप घेऊन कुठेतरी निघून गेला. आबा म्हणाले, "मंग काय? आता आपून बोललो तर पडल्यागत दिसंल. थांबू." त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. खेळायची कुणाची इच्छा नव्हती, पण सवयीने आम्ही तिघं बसलो. तिसऱ्या की चौथ्या डावात गुरुजींनी पानं टाकून दिली आणि आबा आणि मी उरलो. माझ्याकडे राण्यांची जोडी. मध्ये पहिली तीन पानं पडली: राजा आणि दोन सत्त्या. मी आबांकडे बघितलं. मिशी ओठांत. "गप," ते म्हणाले. मी म्हटलं, "मीही गप." चौथं पान पडलं. "गप." "गप." पाचवं पान पडलं तेव्हा आबांना धीर धरवेना. त्यांनी चिंचोक्यांची ओंजळच मध्ये ओतली. मी राण्या दाखवून डाव सोडला.

आबांनी पानं उलटी केली. दोन राजे. मधला एक, म्हणजे तीन राजे आणि दोन सत्त्या. आमच्या ओसरीत एवढा भारी हात कुणाला कधी लागला नव्हता, आणि त्यावर त्यांना मिळाले डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने घातलेले दोन-चार चिंचोके.

"राण्या घिऊन पळालात?" त्यांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"तुम्ही गप्प बसलात म्हणून."

"गप बसलो तर तुमी बोलायचं व्हतं की."

"आबा," मी म्हटलं, "तुमच्याकडे काही नसतं तेव्हा तुम्ही बोलता. गप्प बसता तेव्हा काहीतरी असतं, हे आम्हाला केव्हाच कळलंय. तुम्ही पहिल्यापासून थोडं थोडं बोलला असतात तर मी राण्यांच्या भरवशावर शेवटपर्यंत आलो असतो."

गुरुजी पानं गोळा करत शांतपणे म्हणाले, "किकवीचे लोक काय येडे हायती का?"

आबांनी ते राजे गुरुजींच्या हातात दिले. मिशी त्यांनी धरली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. "म्हंजी माझं गप बसनं सगळ्यांना आयकू येतंय," ते म्हणाले. मग उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि आत हाक मारली, "अवो, लुगडं बदला. किकवीला जायाचंय. पोराला फोन लावा, म्हनावं गाडी घिऊन ये."

किकवीला पोचलो तेव्हा मुलीचे वडील गुऱ्हाळावरच होते. चरकात ऊस घालता घालता त्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा हात थांबला. आबा गाडीतून उतरले आणि बाकावर न बसता, पाणी न घेता, उभ्या उभ्या बोलायला लागले. शिवऱ्याचा गाळा सांगितला. मागच्या खोल्या सांगितल्या. मेव्हण्याशी बोलणं झाल्याचं सांगितलं. नोकरीला आमची कधीच ना नव्हती म्हणाले. रस प्यायला थांबलेली गिऱ्हाइकंही पेले हातात धरून ऐकत होती. आबा शेवटी म्हणाले, "आन्‌ पोरगी आमाला लई आवडली. त्या दिशीच सांगायचं व्हतं. तुमी इचाराल म्हनून बसलो. माझंच चुकलं. पोराला बोल लावू नका."

मी आबांना इतके दिवस ओळखत होतो, पण असे उघडे पडलेले कधी बघितले नव्हते. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू चिमटीत धरून ठेवली होती.

मुलीच्या वडिलांनी चरक बंद केला आणि मागच्या घराकडे तोंड करून मुलीला हाक मारली. ती आली. तिने सगळं ऐकलं होतं, कारण आबा आवाज बारीक ठेवून कधी बोललेच नव्हते.

"गाळा चांगला आहे," ती आबांना म्हणाली. "पण मला नको."

काकूंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

"जन्मापासून मी ह्या हायवेच्या कडेला झोपते," मुलगी म्हणाली. "ट्रक, हॉर्न, पुन्हा ट्रक. आता शिवऱ्याला जाऊन तेच ऐकू? वेल्ह्याच्या एका दवाखान्यात नर्स पाहिजे होती. तुम्ही यायच्या आदल्या आठवड्यातच मी विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत. मी पालीलाच येते. सोमवारच्या पाहुण्यांना मी आज सकाळीच नको म्हणायला लावलंय."

आबांनी आ वासला. "मंग पोरी, त्या दिशी का न्हाई बोललीस?"

"तुम्ही काय बोलता ते बघत होते," ती म्हणाली. "आणि गाळ्याचं बोलणं केलंच आहे, तर खानावळ तुम्ही दोघं चालवा. पालीचं आम्ही बघतो."

"चालवतील," काकू तत्काळ म्हणाल्या. "म्या रांधते, ह्ये गल्ल्यावर बसतील. लई बोलायला मिळंल."

आबांनी एकदा मुलीकडे, एकदा काकूंकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते मटकन बाकावर बसले आणि इतके हसले की डोळे पुसायला त्यांना टोपी काढावी लागली. "डाक्टर, बगितलं का?" ते म्हणाले. "माझ्यावरच चढवलं." मुलीच्या वडिलांनी चरक चालू केला आणि सगळ्यांना रस दिला, गिऱ्हाइकांनासुद्धा. आमचा पोरगा अजून पिकअपमध्येच बसला होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. शेवटी मुलगीच त्याला पेला नेऊन द्यायला गेली.

लग्नानंतर शिवऱ्याची खानावळ खरोखर निघाली. गल्ल्यावर आबा. तिथे ते एकदम वेगळे होऊन गेले, असं मी म्हणणार नाही. पणजोबांच्या गोष्टी तशाच, खोटंही तितकंच. पण गिऱ्हाईक बाकावर टेकायच्या आत ते सांगून टाकत, "आज कोंबडीचा रस्सा हाय, पिठल्यावर भूक घालवू नका." आणि एकदा काकू आतून वाटी घेऊन आल्या तेव्हा पाहुण्यांदेखत त्यांना म्हणाले, "आज झकास झालंय." काकू वाटी तिथेच ठेवून आत निघून गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रविवारचा डाव पालीलाच होई. आबा एसटीने यायचे आणि सुनेकडून सगळे चिंचोके हरून परत जायचे.

माझी बदली झाली ती मराठवाड्यात. सामान टेम्पोत भरून मी शिवऱ्याला थांबलो. आबा गल्ल्यावरून उठून बाहेर आले. मला वाटलं, आता मिशी धरतील आणि एखादं गठुडं टेम्पोत टाकून देतील, नेहमीसारखं. ते माझ्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "डाक्टर, तुमी जाऊ नये असं वाटतंय. पालीचं घर मोकळं मोकळं लागनार हाय. आदीच सांगून टाकतो, मागनं ऱ्हाऊन जायला नगं."

बोलायची पाळी माझी होती. सांगण्यासारखं खूप होतं माझ्याजवळ, पण मी मान खाली घालून उभा राहिलो आणि एक शब्द निघाला नाही.

आबांनी माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि माझा हात हातात घेतला. "आयकू आलं."